एक घड्याळ, दोन मनगटं

परवा पहाटे दूध घ्यायला दार उघडलं आणि नाकाच्या शेंड्याला गार लागलं. बडोद्याची थंडी म्हणजे काही फार मोठा कारभार नव्हे. सकाळी नऊला ऊन पडलं की ती आवराआवर करायला लागते आणि स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो. तरी तेवढ्यानंही माझ्या पोटऱ्या जाग्या झाल्या. कोपऱ्यावरच्या भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सुरती पापडी आली होती, तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या, समोरच्या गच्चीत पतंगाची फिरकी दिसायला लागली होती. म्हणजे आमचे धावायचे दिवस आले.

जिन्यातच शेजारची हेतल भेटली. ही बँकेत असते, पस्तिशीची आहे आणि यंदापासून धावायला लागली आहे. आम्ही दोघी एकमेकींशी गुजरातीत बोलतो, आणि घाईत असलो की हिंदीत. तिनं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "नीलाबेन, जुओ ने! हे म्हणतंय मी एकवीस किलोमीटर दोन तास नऊ मिनिटांत धावेन. खरं असतं का हो हे?"

"खोटं नसतं," मी म्हटलं.

"म्हणजे खरं?"

"तसंही नाही."

तिनं बिचारीनं मनगट खाली घेतलं. मला वाईट वाटलं, पण दुधाची पिशवी हातात घेऊन जिन्यात उभ्या उभ्या हे सांगायचं कसं? त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा अख्खा हिवाळा सांगावा लागला असता. तो मी आता सांगते.

माझं काम मोजमापाचं आहे. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी गेज रूममध्ये आहे. यंत्रावर काम करणारे लोक ज्या मायक्रोमीटरनं, ज्या गेजनं माल मोजतात, ती मोजणारी हत्यारंच बरोबर मोजतायत की नाही हे आम्ही तपासतो. बरोबर असेल त्याला हिरवी पट्टी, शंका असेल त्याला लाल. लाल पट्टी लागली की ते हत्यार कपाटात जातं आणि साहेबांनी जरी मागितलं तरी मिळत नाही. चोवीस वर्षं मी हे करते आहे. त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो कुणी काढला आणि कशानं काढला, हे विचारायची मला खोड आहे. घरातले वैतागतात. मी मंडईत वजनकाट्याकडेसुद्धा संशयानं बघते.

आणि अशा बाईनं मनगटावरच्या घड्याळावर तीन महिने डोळे मिटून विश्वास ठेवला. आता हसा.

पण आधी एका बसचं सांगते. आमच्या सासरचे पूर्वज संस्थानाच्या पागेतले शिलेदार. धावायचं काम घोड्यांकडे होतं. मीही अठ्ठेचाळीस वर्षं कशामागे धावले नव्हते. मग कुंदाताईंनी मला ओढलं. कुंदाताई म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतात, शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्यांच्या नादानं मी एका जानेवारीत एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. नियम असा, की तीन तास पंधरा मिनिटांच्या आत पोचायचं. सगळ्यांच्या मागून एक बस सावकाश येत असते. ज्यांना वेळेत पोचणं जमणार नाही, त्यांना उचलून घेते. सोळाव्या किलोमीटरला त्या बसनं मला गाठलं. आतल्या माणसानं फार गोड आवाजात सांगितलं, "बेन, बेसी जाओ."

बसले. पाय चांगले होते हो माझे! दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, फक्त उशीर झाला होता. अकोट्याच्या पुलाजवळ कारखान्यातल्या माझ्या दोन मैत्रिणी टाळ्या वाजवायला उभ्या होत्या. त्यांनी मला रस्त्यावर शोधलं, नाही दिसले, मग बसच्या खिडकीत दिसले. त्यांनी बसलाही टाळ्या वाजवल्या. प्रेमानंच वाजवल्या, पण मला त्या खिडकीतून खाली उडी मारावीशी वाटली. घरी येऊन अंघोळ करताना मी ठरवलं, पुढच्या जानेवारीत वेळेच्या आत, माझ्या पायांनी. मला पदक नको होतं, नंबर नको होता. तीन तास पंधरा मिनिटं संपायच्या आत शर्यतीच्या शेवटची कमान मला ओलांडायची होती.

गणपतीत मुलगा मंदार पुण्याहून आला आणि येताना ते घड्याळ घेऊन आला. दोघींत एक. "तुम्ही दोघी धावता ना, दोघींनी वापरा," म्हणाला. यात कुणालाच काही खटकलं नाही, कारण आमच्या घरात कुठल्या वस्तूवर कधी एकटीचं नाव नव्हतंच. छत्री एक, स्कूटर एक. कुंदाताईंचा आणि माझा वाचायचा नंबर सारखा निघाला, तर चष्मासुद्धा एकच केला. मग घड्याळात काय विशेष? मंदारनं त्यात माझं वय, माझं वजन, माझी उंची भरली, कारण मी समोर बसले होते आणि कुंदाताई मोदक वळत होत्या.

सकाळी सहाला पाणी येतं. कुणीतरी एकीनं टाकी भरायला आणि डबे करायला घरी राहायचं, म्हणून आमचे वार वाटलेले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचे. रविवारी टाकी माझा नवरा भरायचा, आम्ही दोघी जायचो, आणि घड्याळ जिच्या हाताला आधी लागेल तिचं. धावून आलं की दारातच मनगटावरून काढून टेबलावर ठेवायचं आणि दुसरीनं दुसऱ्या दिवशी उचलायचं. पट्टा दोन भोकं इकडे, दोन भोकं तिकडे. किती समजूतदार संसार, नाही?

त्या घड्याळात एक पान असायचं. त्यावर आपल्या दमाचा एक आकडा, आणि खाली पाच, दहा, एकवीस आणि बेचाळीस किलोमीटरला किती वेळ लागेल याचे अंदाज. मी बाकीचं काही बघायची नाही, फक्त एकवीसची ओळ. सप्टेंबरात ती तीन तासांच्या थोडी वर होती. ऑक्टोबरात, आपल्याकडे जो दुसरा उन्हाळा येतो त्यात, ती आणखी वर गेली. मी रडकुंडीला आले. आणि नोव्हेंबरात, देवदिवाळीच्या सुमारास हवा पालटली तशी ती सरसर खाली आली. दोन तास एक्कावन्न. दोन तास सेहेचाळीस. दोन तास एकेचाळीस! मी कणीक मळताना ती ओळ बघायची. डब्यावर झाकण लावताना बघायची. बसची तर मला दयाच यायला लागली.

कुंदाताई मात्र ते पान बघून गप्प बसायच्या. मला वाटायचं, त्यांना आकड्यांत गोडी नाही.

आज मला कळतं ते तेव्हाही कळायला हवं होतं. घड्याळ दम मोजत नाही. दम मोजायचा तर तोंडाला नळी लावून, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून, श्वासातली हवा तपासावी लागते. घड्याळाला फक्त दोन गोष्टी दिसतात: आपण किती वेगानं चाललो आणि तेव्हा नाडी किती पडत होती. कमी नाडीत जास्त वेग निघाला की ते म्हणतं, वा, दम वाढला. ऑक्टोबरच्या उकाड्यात नाडी तशीच चढते, तर ते म्हणतं दम घटला. नोव्हेंबरात माझी तब्येत सुधारली नव्हती, हवा सुधारली होती. शिवाय ती नाडीही ते कातडीवर उजेड पाडून ओळखतं, आणि माझ्या हातात काचेच्या दोन बांगड्या. धावताना घड्याळ त्यांच्यामागे घरंगळायचं, सैल व्हायचं आणि नाडी सोडून भलतंच काही धरून बसायचं. एकदा त्यानं अर्धा तास एकशे साठ दाखवले. मला शंका आली म्हणून मी माझी पावलं मोजली. मिनिटाला एकशे साठच पडत होती. ते माझ्या काळजाच्या जागी माझे बूट मोजत होतं!

हे एवढं ध्यानात येऊनही मी काय केलं? घड्याळ एक भोक आवळलं आणि पुन्हा एकवीसची ओळ बघितली. आवडणाऱ्या आकड्याला कोण प्रश्न विचारतं?

प्रश्न विचारला हर्षदभाईंनी. हे आमच्या गेज रूमचे प्रमुख, पादऱ्याहून रोज येतात, कमी बोलतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारच्या चहाला मी त्यांना मोठ्या ऐटीत ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, घड्याळ उलटंपालटं केलं. मग पट्ट्याकडे बघितलं. त्यावर दोन ठिकाणी भोकं ताणलेली होती.

"आ कोण पहेरे छे?" हे कोण घालतं?

"हुं," मी म्हटलं. मी घालते. मग म्हटलं, "ने मारी नणंद. एकाआड एक दिवस."

माझ्याच तोंडून हे ऐकलं आणि चहाचा कप हातातच राहिला. आमच्या प्रत्येक गेजला एक कार्ड असतं. कुठल्या यंत्रावर गेलं, कुणाच्या हाती गेलं, सगळं लिहायचं. एक गेज दोन जागी फिरवून दोन्हीचे आकडे एका ओळीत लिहिले, तर तो आकडा कुणाचाच नसतो. यावरून मी चोवीस वर्षं लोकांना ओरडत आले आहे. अंगावर येऊन ओरडते, असं म्हणतात माझ्याबद्दल. आणि घरी मी स्वतः काय करत होते? कुंदाताईंचं शांत काळीज आणि माझे जड पाय एका भांड्यात ढवळून, त्याचा अर्धा पेला पीत होते आणि म्हणत होते, बघा माझी तब्येत!

हर्षदभाई हसले नाहीत. त्यांनी खण उघडला, लाल पट्टी काढली आणि घड्याळाच्या काचेवर चिकटवली. मग मात्र आम्ही दोघंही इतके हसलो की बाहेरची माणसं डोकावून गेली. माझं हसू आधी संपलं. शर्यतीला सात आठवडे उरले होते आणि मी किती वेळात धावते हे मला माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी ते मोजायचं ठरवलं. अंदाज नको होता, माप हवं होतं. कुंदाताईंच्या शाळेचं मैदान चारशे मीटरचं, टेप लावून आखलेलं, त्यावर माझा भरवसा होता. पंचवीस फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर. कुंदाताई पंचवीस चिंचोके घेऊन दगडावर बसल्या. प्रत्येक फेरीला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी नवऱ्याचं जुनं काट्यांचं घड्याळ बांधलं. धुकं मैदानावर गुडघ्याइतकं होतं, आणि उत्तरेचा वारा बाजव्याकडून तेलकंपनीचा वास घेऊन येत होता. दहाव्या फेरीला मला वाटलं, ठीक चाललंय. अठराव्या फेरीला मला कुंदाताईंचा राग आला, चिंचोक्यांचा राग आला. पंचविसावी संपली तेव्हा काटे सांगत होते, अठ्ठ्याऐंशी मिनिटं.

दगडावर बसूनच हिशोब केला. दुप्पट केले तर एकशे शहात्तर. शर्यत नेमकी एकवीस किलोमीटर शंभर मीटरची, म्हणून वरच्या अकराशे मीटरची दहा मिनिटं. तीन तास सहा. पण हे माणूस दमत नाही असं धरून. आणि माणूस तर दमतो. धावणाऱ्या लोकांचा जो ठोकताळा आहे, त्यानं थकवा धरला तर तीन तास चौदा मिनिटं. मी पुन्हा केला, तोच आला.

"किती?" कुंदाताईंनी विचारलं.

"एक मिनिट शिल्लक," मी म्हटलं.

दोन तास एकेचाळीसच्या गादीवरून मी दाणकन जमिनीवर आले होते. आणि गंमत अशी, की मला बरं वाटलं. एक मिनिट का होईना, ते माझं होतं. कुणाची भेसळ नव्हती त्यात. उठताना मी म्हटलं, "बघतेच आता!" आणि पायात असा काही गोळा आला की कुंदाताईंनी धरून घरी नेलं.

घड्याळ मी त्यांना देऊन टाकलं. त्यातलं जुनं सगळं पुसलं, त्यांचं वय, त्यांचं वजन घातलं. त्या नको नको म्हणाल्या. मी म्हटलं, "वापरा हो, माझा तुमच्यावर काही उपकार नाही, मला ते आता डोळ्यांसमोर नकोय." तीन आठवडे त्या एकट्याच ते घालत होत्या. नाताळच्या सुट्टीत एका दुपारी आम्ही उंधियोसाठी शेंगा सोलत बसलो होतो. कुंदाताईंनी सहज घड्याळाचं ते पान उघडलं आणि त्यांचा हात थांबला. एकवीसच्या ओळीत दोन तास सोळा मिनिटं लिहिलेली होती.

त्यांनी ते पान बंद करून पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "नीला, मला वाटलं होतं, माझं झालं."

"काय झालं?"

"तीन महिने ते सांगत होतं ना, तीन तास, पावणेतीन तास. मी म्हटलं, रिटायर झाले, वय झालं, आता शरीर सोडतंय. म्हणून तर यंदा एकवीसचा फॉर्म नाही भरला. दहाचा भरला." शेंगेचं साल बोटांत तसंच धरून त्या बोलत होत्या. डोळे भरले होते. "कुणाला सांगायचं? आकडा समोर दिसत होता."

मला इतकं अपराधी वाटलं की काय सांगू. मी माझी फुकटची मिनिटं मिरवत होते, आणि ती कुणाच्या अंगातून निघाली हे मला दिसलंही नव्हतं. ज्या बाईनं मला बोट धरून मैदानावर आणलं, तिला त्या मिसळीनं म्हातारी ठरवलं होतं. मी म्हटलं, "कुंदाताई, चुकले हो मी." तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तू कुठे चुकलीस, घड्याळ एकच होतं ना." आणि मग आम्ही दोघींनी मंदारला यथेच्छ शिव्या दिल्या. पुण्यात त्याला ठसका लागला असेल.

हेतलला हेही सांगायला हवं. त्या दोन तास सोळावरही मी कुंदाताईंना उड्या मारू दिल्या नाहीत. त्या आठवड्यातून तीनदा आठ-दहा किलोमीटर पळत होत्या. वीस त्या कित्येक वर्षांत पळाल्या नव्हत्या. घड्याळ तुमची छाती बघून बोलतं. गुडघे, तळवे, सोळाव्या किलोमीटरनंतरची मनाची तऱ्हा, हे सगळं तुम्ही तयार ठेवलंय असं ते आपलं धरून चालतं. म्हणून जवळच्या पल्ल्याला ते बरंच जवळ जातं, आणि पल्ला लांबला की भाबडं होतं. आकडा एका दिवसाचा घेऊ नये. महिना-दोन महिने तो वर चाललाय की खाली, एवढं बघावं. त्यातही हवा बघावी, पट्टा बघावा. आणि हात एकाचाच आहे ना, तेही.

हर्षदभाईंनीच सुचवलं, "पादरा सुधी बसमां जाओ, ने पाछा दोडीने आवो." बसनं जा, धावत या. सोळा-सतरा किलोमीटर. परत यायला दुसरी सोय ठेवायची नाही, म्हणजे माणूस परत येतोच. डिसेंबरच्या मधल्या रविवारपासून आम्ही दोघी पहाटेच्या पहिल्या एसटीत बसायला लागलो. त्या बसमध्ये आम्ही सोडून कुणीच बूट घातलेलं नसायचं. कंडक्टरनं पहिल्या रविवारी विचारलं, "बेन, लग्नमां?" मी म्हटलं, "हो, माझ्याच."

पादऱ्याचा रस्ता त्या दिवसांत डोळ्यांत भरून राहिला आहे. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, पिवळी फुलं दवानं जड झालेली. कोबी-फ्लॉवरचे टेम्पो शहराकडे निघालेले. त्यांच्या मागे पानांचा हिरवा, किंचित उग्र वास रेंगाळायचा. शेकोटीभोवती बसलेली माणसं आम्हाला बघून आधी गप्प व्हायची आणि मग हसायची. पहिल्या रविवारी अकरा किलोमीटर झाले आणि मी रिक्षा केली. रडले रिक्षात. दुसऱ्या रविवारी तेरा. तिसऱ्या रविवारी कुंदाताई पुढे निघून गेल्या, मी मुद्दाम पाठवलं त्यांना, "माझ्यासाठी रेंगाळलात तर डबे तुम्ही आठवडाभर करायचे!" त्यांची पाठ लहान होत होत धुक्यात गेली आणि मी एकटी उरले. त्या एकटेपणात मला माझा वेग सापडला. तो फार हळू होता, पण तो मोडत नव्हता. चौथ्या रविवारी मी आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत धावत आले आणि वॉचमनला विनाकारण नमस्कार केला.

उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, झाल्यावर तर रस्त्यावर दोऱ्यांची जाळी. झाडांतून, तारांतून, खांबांतून मांजा लोंबत असतो, आणि पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही. गळ्याला जाड ओढणी गुंडाळून धावायचो आम्ही. एकदा ओढणी कापली गेली, गळा वाचला. घरी सांगितलं नाही. सोमवारी ती ओढणी उलटी गुंडाळून पुन्हा गेले. कारण एक मिनिट म्हणजे फार नसतं, ते एक दिवस घरी बसलं तरी जातं.

शर्यतीच्या सकाळी माझ्या मनगटावर नवऱ्याचं काट्यांचं घड्याळ होतं, आणि तळहातावर पेनानं चार आकडे: दहाला किती, सोळाला किती, एकोणीसला किती, एकवीसला किती. दहाची पाटी एक तास तीस मिनिटांनी आली. बरोबर. सगळे मला मागे टाकून जात होते, त्यात एक गणपतीच्या वेषातले गृहस्थही होते, सोंडेसकट. मी कुणाच्या मागे लागले नाही. सोळाच्या पाटीला दोन तास सव्वीस. घसा कोरडा पडला होता. मान वळवून मागे बघावंसं इतकं वाटत होतं, पण बघितलं नाही. तिथून पुढचा रस्ता मी आयुष्यात पहिल्यांदा पायांनी पाहिला. एका बंगल्याबाहेर कुणी पाणी शिंपडलं होतं, ओल्या मातीवरून कुत्रं चालत गेलं होतं, त्याची पावलं उमटली होती. ती मला अजून दिसतात.

एकोणीसच्या पाटीला दोन तास चोपन्न. मांड्या लाकडाच्या झाल्या होत्या. पाटीशेजारी कुंदाताई उभ्या होत्या. त्यांचे दहा किलोमीटर केव्हाच झाले होते, गळ्यात पदक होतं, तोंडात संत्र्याची फोड. त्या फूटपाथवरून माझ्या बरोबरीनं चालू लागल्या. माझं धावणं म्हणजे त्यांचं चालणं.

"किती आलं तुमचं?" मी धापा टाकत विचारलं.

"एक तास दोन. घड्याळ एकसष्ट मिनिटं म्हणत होतं."

"बघा ना... माझं काय... म्हणतंय ते."

"यात तू नाहीस आता, नीला," त्या म्हणाल्या. "पाय उचल."

उचलले. कसे ते विचारू नका. शेवटच्या वळणावर कमान दिसली, तिच्यावरचे लाल आकडे दिसले, तीन तास तेरा मिनिटं आणि काही सेकंद. टाळ्या वाजवणारे लोक घरी गेले होते. खुर्च्या एकात एक रचल्या जात होत्या. आणि कमानीखाली निळ्या टीशर्टातली दोन माणसं वाकून, धावणाऱ्यांची वेळ टिपणारी ती रबरी चटई एका कडेनं गुंडाळायला लागली होती.

माझ्या अंगातून कुठून आवाज आला कोण जाणे. गेज रूममध्ये लागतो तोच. "ए! हात लावू नका! वेळ आहे अजून!"

ती दोघं दचकून उभी राहिली. एकाच्या हातून चटईचं टोक सुटलं. मी तिच्यावरून गेले तेव्हा वरती तीन तास तेरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद होते. कुंदाताई पलीकडून ओरडत होत्या, रडत होत्या, हसत होत्या, मला नीट कळत नव्हतं. मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि वाकल्या वाकल्या पायांमधून मागचा रस्ता दिसला. वळणावर साठीचे एक गृहस्थ होते. एक पाय ओढत, एका बाजूला कललेले, पण धावत होते.

निळ्या टीशर्टातला माणूस पुन्हा चटईकडे वाकला. "बेन, खसो ने. पूरुं थयुं." बाजूला व्हा, संपलं.

"नाही संपलं," मी म्हटलं आणि मागे फिरून दोन्ही पाय रोवून चटईवर उभी राहिले. "अजून एक मिनिट आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी वरच्या आकड्यांकडे. ते गृहस्थ आले, त्यांनी मला ओलांडलं, चटई ओलांडली आणि पुढे जाऊन खाली बसले. कमानीवर तीन तास चौदा मिनिटं एक्कावन्न सेकंद होते. मागचा रस्ता रिकामा होता. तरी मी उरलेले नऊही सेकंद उभी राहिले. मग चटईवरून उतरले आणि त्या दोघांना म्हटलं, "आता गुंडाळा."